लान्सर घरी बनवताय? मग करवत आधी, बंदूक नंतर

दादाने एक्सबॉक्स ३६० घेतला तेव्हा मी आठवीत होते आणि त्याने मला कंट्रोलर हातात दिला तो फक्त एकदाच, तेही आई बाजारात गेलेली असताना, आणि तेवढ्यात मी बी बटण दाबून धरलं आणि गिअर्स ऑफ वॉरच्या हिरोच्या, मार्कसच्या, हातातली बंदूक घुर्रर्र करून करवतीसारखी सुरू झाली. संपलं. तेव्हापासून डोक्यात बसलेली ती करवतवाली बंदूक, म्हणजे लान्सर, शेवटी मी घरी दोनदा बनवली, खोटी. पहिली फसली, दुसरी जमली, आणि फसलेलीतून जे शिकले तेच जास्त कामाचं आहे म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी गिअर्स ऑफ वॉर खेळलाच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. २००६ चा गेम, एपिक गेम्सचा, सेरा नावाच्या ग्रहावर घडतो. तिथली माणसं आपापसात वर्षानुवर्षं लढत बसलेली असतात आणि एक दिवस जमिनीखालून लोकस्ट नावाचे राक्षसासारखे प्राणी बाहेर येतात, त्या दिवसाला तिथे इमर्जन्स डे म्हणतात. माणसांच्या सैनिकांकडे जी जुनी लान्सर होती तिच्या पुढे साधं सुऱ्यासारखं संगीन होतं. पण लोकस्टची कातडी इतकी जाड की सुरा आत जाण्याआधीच मोडायचा. मग त्या जागी बसवली चेनसॉ, आणि ती झाली मार्क २ लान्सर. म्हणजे लांबून गोळ्या घाला आणि अंगावर आला तर कापा. जुनी सुऱ्याची लान्सर नंतर गिअर्स ३ मध्ये, २०११ ला, रेट्रो लान्सर म्हणून खेळायला पण मिळाली, तिचा पळत जाऊन भोसकायचा प्रकार मस्त होता, पण कॉस्प्लेला, म्हणजे गेममधल्या पात्रांचा वेश करतो तेव्हा, लोक ओळखतात ती चेनसॉवालीच. ऑगस्ट २०२५ ला पहिला गेम रिलोडेड नावाने प्लेस्टेशनवर पण आला त्यामुळे आता नवीन पोरांना पण माहितीय, आधी मला दर दोन मिनिटांनी कोणीतरी विचारायचं की ताई हे झाड कापायचं मशीन आहे का.

आता मुद्दा. सगळे जण काय करतात, मी पण तेच केलं, आधी मस्त बंदूक बनवतात, दस्ता, मॅगझीन, बॅरल, डिटेलिंग, सगळं झालं की शेवटी करवत कापून खाली चिकटवतात. आणि मग ती करवत दिसते पण तशीच, चिकटवलेली. थोडी हलते, थोडी वाकते, दोन तासांनी मान टाकते. अहो लान्सरमध्ये करवत ही ॲक्सेसरी नाहीये, सगळं वजन, सगळं लक्ष, सगळी पोझ तिच्यावर आहे. म्हणून करवतीची पट्टी हा कणा धरायचा आणि बंदूक तिच्या भोवती बांधायची. एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी पुढचं अर्धं वाचलं नाही तरी चालेल. (वाचा पण.)

मापं. इंटरनेटवरची रेडिमेड मापं घेऊ नका कारण मार्कस हा माणूस नाही, कपाट आहे, त्याच्या हातात जी बंदूक बरोबर दिसते ती आपल्या हातात नांगर दिसते. मी हिशेब असा केला की काखेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढं भरेल त्यात एक वीत मिळवायची, ती दस्त्याच्या मागच्या टोकापासून बॅरलच्या तोंडापर्यंतची लांबी. माझी आली ८६ सेमी. करवतीचं टोक त्याच्या पुढे ६ सेमी काढलं, म्हणजे एकूण ९२. करवतीची दिसणारी पट्टी ३४ सेमी लांब आणि ९ सेमी रुंद ठेवली. मग गेममधला बाजूने दिसणारा एक स्क्रीनशॉट घेऊन तो ९२ सेमीला मोठा करून ए४ कागदांवर तुकड्या तुकड्यात प्रिंट काढली, कागद चिकटवले, आणि तो अख्खा लांबलचक कागद घेऊन आरशासमोर उभी राहिले. हे करताना लाज वाटेल पण कराच, कारण कागद कापून लहान करता येतो, फोम वाढवता येत नाही. आईने विचारलं काय चाललंय, म्हटलं ट्रायल, तिला वाटलं ब्लाउजची.

सामानाबद्दल जरा सविस्तर सांगते कारण पैसे इथेच वाया जातात. मुख्य माल म्हणजे ईव्हीए फोम, रबरासारखा लवचीक. ऑनलाइन कॉस्प्ले फोम म्हणून जो मिळतो तो चांगला असतो पण महाग, आणि तोच ईव्हीए चपला बनवणारे लोक सोलसाठी वापरतात. त्यामुळे चपलांचं मटेरियल विकणाऱ्या दुकानात जा, मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीच्या बाजूला अशी दुकानं ढिगाने आहेत, तुमच्या गावात पण एखादं असेलच. तिथे ईव्हीए शीट मागायची, १० मिमी, ५ मिमी आणि २ मिमी अशा तीन जाडीच्या. हाताने दाबून बघा, नखाने दाबल्यावर खड्डा पडून लगेच भरला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो पॅकिंगचा फोम आहे, पांढरा हलका, जो टीव्हीच्या खोक्यात येतो. मला एका दुकानदाराने तोच ईव्हीए म्हणून गळ्यात मारला होता आणि हीट गन (खूप गरम हवा फेकणारं मशीन) लावल्यावर तो पापडासारखा आकसला. जिममध्ये खाली टाकतात त्या कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या मॅट पण चालतात, फक्त त्यांच्या एका बाजूला जी जाळी जाळी डिझाइन असते ती आतल्या बाजूला घ्या.

बाकी: २५ मिमीचा पीव्हीसी पाइप, तोच जो वायरिंगला भिंतीत घालतात, आणि त्यात सरकेल असा २० मिमीचा एक तुकडा. सनबोर्ड (पांढरा, हलका, कडक प्लास्टिकचा बोर्ड) ५ मिमीचा, साइनबोर्ड बनवणाऱ्यांकडे कटपीस स्वस्तात मिळतो. चिकटवायला चपलेचं सोल्युशन, म्हणजे ते पिवळट रबरी वासाचं. फेव्हिक्विकने फोम चिकटतो पण सांधा कडक होतो आणि वाकवला की तडकतो, आणि साधा फेव्हिकॉल तर रात्रभर वाट बघायला लावून सकाळी सुटतो. कटर, आणि कटरच्या पात्यांचं अख्खं पाकीट, एक पातं नाही. एम सील. झिरो नंबरचा पॉलिश पेपर. हीट गन कोणाकडून तरी मागून आणा, हेअर ड्रायरने होत नाही, मी करून बघितलंय, फक्त फोम कोमट झाला आणि ड्रायर जळाला. थर्माकोल अजिबात नको, सोल्युशन लागलं की विरघळतो आणि स्प्रे पेंट लागला की उरलेला पण विरघळतो.

लोखंड नको. ॲल्युमिनियम पण नको. पहिल्या लान्सरमध्ये मी लोखंडी पाइप आणि प्लायवूडची करवत घातली होती. वजन झालं अडीच किलोच्या वर आणि कॉनच्या (कॉस्प्लेवाले जमतात तो मेळावा) गेटवर प्रॉप, म्हणजे हातातल्या खोट्या वस्तूंच्या, चेकिंगला ती बाहेरच ठेवावी लागली, जे अगदी बरोबर होतं कारण ती खरोखर कोणाच्या तरी गुडघ्याला लागली असती. बहुतेक ठिकाणी धातू, धार आणि गोळी सुटेल असं काहीही चालत नाही. ज्या इव्हेंटला जाताय त्याचे प्रॉपचे नियम आधी वाचा आणि मग बनवायला घ्या, उलट करू नका.

चला करवत. सनबोर्डचे दोन तुकडे पट्टीच्या आकाराचे कापायचे, टोकाला अर्धगोल, पण लांबी ३४ नाही तर ५४ सेमी, कारण मागचे २० सेमी बंदुकीच्या पोटात जाणार आहेत (तिथे वरची कड थोडी उंच ठेवा, नाहीतर पुढे पट्टी आणि बॅरलमध्ये फट राहणार नाही). हेच ते. ही २० सेमीची शेपटी म्हणजे पूर्ण बनवण्याचा जीव आहे. दोन सनबोर्ड एकमेकांना चिकटवले की १० मिमी जाडी झाली, त्याच्या दोन्ही बाजूला २ मिमी फोम लावला की कडा मऊ झाल्या आणि पट्टी १४ मिमी. शेपटी उघडी ठेवा, तिला फोम नको. आता पीव्हीसी पाइप, जो दस्त्यापासून बॅरलपर्यंत सरळ जाणार, तो या शेपटीच्या वरच्या काठावर बसवायचा. पाइपला २० सेमी लांब चीर पाडली (हॅकसॉ ब्लेडने, हळू) आणि शेपटीची वरची कड त्या चिरेत घुसवली. आत एम सील भरलं, बाहेरून दोन ठिकाणी केबल टाय. दुसऱ्या दिवशी ते धरून हलवलं तर पाइप आणि करवत एकच वस्तू असल्यासारखी हलते. इथे जर लटपटलं तर पुढे जाऊ नका. रंगाने, डिटेलिंगने, कशानेच हे झाकलं जात नाही.

एवढ्यावर नुसती पट्टी आणि पाइप बघून घरचे म्हणणार हे काय, थालीपीठ उलटायचा उलथना आहे का. म्हणू दे.

आता दात, आणि इथे नव्वद टक्के लोक चुकतात म्हणजे मी जितक्या बघितल्या त्यातल्या तरी. खरी चेनसॉ कशी चालते ते आधी समजून घ्या. साखळी पट्टीच्या भोवती फिरते, वरच्या बाजूला ती मशीनपासून लांब, टोकाकडे जाते आणि टोकाला वळसा घालून खालच्या बाजूने परत मशीनकडे येते. दाताची धार नेहमी साखळी जिकडे चाललीय तिकडे असते. म्हणजे वरचे दात पुढे बघणार आणि खालचे दात मागे, तुमच्याकडे, बघणार. लोक काय करतात, सगळे दात पुढे तोंड करून लावतात कारण ते जास्त खतरनाक वाटतं, आणि मग ती साखळी न राहता फणी होते. एकदा हे कळलं की दुसऱ्याच्या लान्सरकडे बघवत नाही, आधीच सांगून ठेवते. दुसरी गोष्ट, खऱ्या साखळीत कापणारे दात एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे झुकलेला असे आळीपाळीने असतात. फोममध्ये हे करायला फार सोपं आहे, ५ मिमी फोमचा दात कापून एका बाजूला तिरका छाटायचा, पुढचा दुसऱ्या बाजूला. समोरून फोटो काढला की या झिगझॅगमुळेच जिवंत वाटतं.

माझ्या पट्टीचा घेर, म्हणजे दोन्ही सरळ बाजू आणि टोकाचा वळसा मिळून, ७३ सेमी आला. दर साडेतीन सेमीला एक दात धरला तर २१ दात. आधी २ मिमी फोमची एक लांब पट्टी घ्या, १४ मिमी रुंद, तिच्यावर पेनने खुणा करा, तिच्यावर साखळीच्या कड्या दिसतील असे छोटे लंबगोल तुकडे चिकटवा, मग ती पट्टी करवतीच्या काठावर गुंडाळून चिकटवा आणि दात सगळ्यात शेवटी. दात थेट सनबोर्डच्या काठावर चिकटवले तर एक जरी निघाला तरी पांढरं पांढरं दिसतं. वरच्या बाजूचे दात बॅरलला घासू नयेत म्हणून थोडे बुटके करा, मी वरचे १२ मिमी आणि खालचे १८ मिमी उंच ठेवले, बॅरल आणि पट्टीत दीड सेमी फट ठेवली, कोणाच्या लक्षात आलं नाही. दातांची टोकं पॉलिश पेपरने किंचित गोल करा. लांबून टोकदारच दिसतात, पण गर्दीत लहान पोरं थेट येऊन हात लावतात.

सोल्युशन लावायची पद्धत ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि मग थांबायचं, आठ ते दहा मिनिटं, बोट लावलं तर चिकट वाटलं पाहिजे पण बोटाला लागून आलं नाही पाहिजे. मग जोडायचं आणि जोरात दाबायचं. एकदा जोडलं की सरकत नाही त्यामुळे नीट बघून. ओलं असताना जोडलं तर ते तासन् तास घसरत राहतं आणि तुम्ही सोल्युशनला शिव्या देता. गॅलरीत किंवा गच्चीत बसून करा, खिडक्या बंद करून नको. डोकं दुखतं, आणि हे लवकर पेट घेणारं असतं, त्यामुळे स्वयंपाकघरात गॅस चालू असताना तर नकोच नको. देवघराजवळ पण नको, निरांजन असतं. हीट गन पण सोल्युशन पूर्ण सुकल्यावरच हातात घ्या.

बंदुकीचा भाग मी भराभर सांगते कारण हा खरंच सोपा आहे आणि स्क्रीनशॉट समोर ठेवला की कळतो. १० मिमी फोमचे डावा आणि उजवा असे आरशात बघितल्यासारखे उलटसुलट दोन तुकडे कापायचे, एकावर एक नाही, एक कापून तो उलटा ठेवून दुसरा आखायचा. मध्ये पाइप आणि शेपटी घ्यायची, जिथे पोकळी राहते तिथे फोमचे कचरा तुकडे भरायचे. आतले तुकडे दिसत नाहीत त्यामुळे तिथे कलाकारी करत बसू नका. मग बाहेरून ५ मिमीचे थर, बॅरलवरची झाकणं, पुढची मूठ, मागचा दस्ता. फोम कापताना पातं सरळ उभं धरा आणि एकाच घावात कापायचा प्रयत्न करू नका, दोन तीन वेळा फिरवा. आणि पातं बदला, दर अर्ध्या तासाला बदला, बोथट पात्याने फोम कापला जात नाही, उचकटला जातो, ब्रेडसारखा. कोपरे गोल करायचे असतील तिथे हीट गनने गरम करून हाताने दाबायचे. आणि शेवटी सगळ्या फोमवर हीट गन लांबून फिरवायची म्हणजे वरची छिद्रं बंद होतात, किंचित चमक येते तेव्हा समजायचं झालं.

मॅगझीन वेगळं करा. म्हणजे निघेल असं. गेममध्ये लान्सरचं मॅगझीन ६० गोळ्यांचं आणि ॲक्टिव्ह रिलोड म्हणजे रिलोड करताना बरोबर क्षणी परत बटण दाबलं तर पटकन भरतं आणि पुढच्या गोळ्या जास्त जोरात लागतात, चुकलं तर बंदूक जाम. ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांच्यासमोर तुम्ही मॅगझीन काढून परत ठॉक करून बसवलं की ते आपोआप ओरडतात. दोन छोटी गोल चुंबकं मॅगझीनमध्ये, दोन बंदुकीत, एवढंच. चिकटवण्याआधी कोणती बाजू कोणाला ओढते ते मार्करने लिहून ठेवा, मी उलटी लावली होती आणि माझं मॅगझीन बंदुकीपासून पळून जायचं.

आवाज आणि थरथर हवी असेल तर. साखळी खरी फिरवायचा हट्ट सोडा, मी विचार केला होता, सायकलची साखळी, मोटर, सगळं, पण गर्दीत फिरणारी कुठलीही गोष्ट म्हणजे कोणाची तरी ओढणी, कोणाचे तरी केस. त्यापेक्षा थरथर पुरे. जुन्या खेळण्यातली तीन व्होल्टची छोटी मोटर घ्यायची, तिच्या दांड्यावर एका बाजूलाच एम सीलचा गोळा लावायचा, म्हणजे फिरताना तोल जाऊन सगळं थरथरतं, बऱ्याच मोबाइलचं व्हायब्रेशन असंच असतं. ही मोटर शेपटीला घट्ट बांधायची, फोमला नाही. फोम सगळी थरथर पिऊन टाकतो, आणि शेपटीला बांधली तर थेट करवतीच्या टोकापर्यंत जाते, दात खरोखर धूसर दिसायला लागतात. बघा, परत ती शेपटीच कामाला आली. आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी नावाचं चिमुकलं एमपी३ मॉड्यूल मिळतं, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, त्यात मेमरी कार्ड, त्याला एक छोटा स्पीकर, तीन पेन्सिल सेल, एक बटण. मोटरला वेगळे दोन सेल द्या. एकाच बॅटरीवर दोन्ही चालवलं तर मोटर सुरू झाली की आवाज अडखळतो. गेममधला आवाज घेण्यापेक्षा मी पावसाळ्याआधी आमच्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या छाटायला आले होते त्यांच्या चेनसॉचा आवाज गॅलरीतून रेकॉर्ड केला, सुरुवातीची ती दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा चालू होणारी खाकर पण त्यात आहे, ती तर कुठल्याच गेममध्ये नाही.

सगळे सेल आणि स्पीकर मागच्या दस्त्यात ठेवा. जागा आहे म्हणून नाही, तोलासाठी. लान्सर स्वभावानेच पुढे जड आहे, करवत पुढे, बॅरल पुढे, मागे फक्त दस्ता. पाच सेल मागे टाकले की तोल पुढच्या मुठीच्या थोडा मागे येतो. बोटावर तोलून बघा, मॅगझीनच्या आसपास आडवी राहिली तर दिवसभर पकडू शकाल. माझी दुसरी लान्सर किचनच्या काट्यावर १ किलो १०० ग्रॅम भरली. पहिलीच्या निम्म्याहून कमी, आणि दिसायला जास्त जड वाटते. हेच हवं असतं.

रंग. आधी पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल, चार हात, प्रत्येक हात सुकू द्यायचा, म्हणजे फोम रंग पीत नाही. मग काळा ॲक्रेलिक. मग राखाडी, पण सगळीकडे नाही, कडेकडेने. मग ब्रशला चांदीचा रंग लावून जुन्या बनियनवर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलासुरला कोपऱ्यांवर घासायचा, याला ड्राय ब्रश म्हणतात आणि फोमचं लोखंड इथे होतं. दातांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळा, असा चमचमता करडेपणा कुठल्याच रंगाने येत नाही. दाताच्या मुळाशी थोडा तपकिरी, तेल साचल्यासारखा. रक्ताबद्दल माझं मत असंय की कमी. लोक अख्खी करवत लाल करतात आणि मग ती रंगपंचमीहून आल्यासारखी दिसते. शिंतोडे पण करवत ज्या दिशेने फिरते त्या दिशेने उडालेले दिसले पाहिजेत, टूथब्रशवर लाल घेऊन अंगठ्याने उडवा, खालून मागच्या बाजूला. गियरमध्ये कवटी असलेलं ते लाल चिन्ह स्टेन्सिलने लावलं तर बाजूला एकच, लहान. बॅरलच्या तोंडाला नारिंगी कडं लावा, म्हणजे खोटी आहे हे लांबून कळतं. फोटोत नको वाटलं तर काढता येईल असं करा, पण रस्त्यावर ते असलंच पाहिजे.

कारण रस्ता. मी डोंबिवलीहून लोकलने जाते. लान्सर मध्ये तुटते, म्हणजे मुद्दाम, दस्त्याच्या पुढे २५ च्या पाइपात २० चा तुकडा सरकतो (थोडा सैल असतो, दोन वेढे टेप गुंडाळा), मोटरच्या आणि बटणाच्या वायरींना तिथे छोटे कनेक्टर. दोन तुकडे जुन्या चादरीत गुंडाळून, वरून योगा मॅटच्या पिशवीत. उघडी घेऊन स्टेशनवर अजिबात जाऊ नका, कितीही मजा वाटली तरी. चेकिंगला थांबवलं तर स्वतःहून पिशवी उघडून दाखवा, फोम दाबून दाखवा, इव्हेंटचं तिकीट मोबाइलवर उघडं ठेवा. विमानाने जाणाऱ्यांनी केबिनमध्ये न्यायचा विचारच करू नका, चेक इनच्या बॅगेत. मला लेडीज डब्यात एका काकूंनी विचारलं होतं पिशवीत काय आहे, मी दाखवलं, त्या म्हणाल्या आमच्याकडे नारळाच्या झावळ्या कापायला असं काहीतरी हवं होतं.

पोझचं पण सांगून टाकते कारण एवढं करून लोक ती लाठीसारखी धरतात. गेममध्ये करवत चालू केली की तो माणूस बंदूक समोर उचलून धरतो, धावत सुटत नाही, आणि तेवढ्यात समोरून गोळी लागली तर करवत खाली येते. म्हणजे ती पोझ थांबलेली, दबा धरलेली आहे. उजवा हात मागच्या मुठीवर, डावा पुढच्या, कोपरं अंगाजवळ, करवतीचं टोक तुमच्या डोळ्यांच्या वर, गुडघे थोडे वाकलेले. अजून कोणी लान्सरवाला भेटला तर दोन करवती एकमेकींवर अडवून फोटो घ्याच, दुसऱ्या भागात, २००८ चा तो, चेनसॉ विरुद्ध चेनसॉची झुंज आली होती आणि त्यात बी बटण बडवून बडवून दादाने कंट्रोलर खराब केला होता. फक्त एकमेकींवर टेकवा, आपटू नका. दात तिथेच जातात.

घरी आल्यावर भिंतीला टेकवून ठेवू नका, मेमध्ये आमच्या पोटमाळ्यावर जो उकाडा असतो त्यात फोम हळूहळू वाकतो आणि दसऱ्यापर्यंत करवतीची कोयती होते. दोन खिळ्यांवर आडवी टांगा, पाइपच्या आधारावर. आणि सेल काढून ठेवा, माझ्या एका सेलमधून पाणी सुटून स्प्रिंग गंजली. मागच्या खंडेनवमीला आईने दादाचे पाने, माझा कटर आणि शिवणाची कात्री यांच्या ओळीत लान्सर पण ठेवली, हळद कुंकू लावलं, आणि ते कुंकू मी पुसलं नाही कारण ते बरोबर त्या दाताच्या मुळाशी पडलंय जिथे मला लाल हवा होता.

कॉनला जाताना पिशवीत सोल्युशनची छोटी ट्यूब, काळ्या रंगाची डबी, एक ब्रश, टेप, दोन केबल टाय, आणि सुटे दात. दात आधीच रंगवून डब्यात. मी चार घेऊन गेले होते, तीन आत गर्दीत संपले, चौथा रिक्षात, आणि पाचवा कुर्ल्याच्या जिन्यावर निघाला. तुम्ही आठ न्या.